जुना आयपी कॅमेरा नवीन जमान्यात वापरायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीवर आठ-दहा वर्षं टांगलेला आयपी कॅमेरा (म्हणजे घरच्या नेटवर्कवरून चित्र देणारा) असतो, त्याला स्वतःला काहीच झालेलं नसतं, काच पुसली तर चित्रही चांगलं येतं, पण ब्राउझर बदलला, राउटर बदलला, मोबाईल बदलला आणि आता तो कोणाशीच बोलत नाही. असे चार कॅमेरे मी अजून चालवतोय. त्यात जे कळलं आणि जे लोक परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय.

जुना म्हणजे किती जुना? माझा २०१३ चा आहे, चालेल का?

वर्षावर जाऊ नका, तो चित्र कशात देतो ते बघा. नेटवर्क कॅमेरा ही तशी जुनी गोष्ट आहे, ॲक्सिस कंपनीने पहिला १९९६ मध्येच आणला होता. अगदी जुने कॅमेरे एमजेपेग देतात, म्हणजे व्हिडिओ वगैरे काही नाही, नुसते जेपीजी फोटो एकामागून एक सोडत राहतात. त्यानंतरचे एमपेग-४ वाले, आणि हे सगळ्यात डोकेदुखीचे, कारण एमजेपेग निदान ब्राउझरला तरी कळतं, याला आता कोणी विचारत नाही. आणि मग एच.२६४ (आज सर्रास चालणारी व्हिडिओची पद्धत) वाले. तुमचा एच.२६४ देत असेल तर निम्मं काम झालंच समजा, आजचा जवळजवळ प्रत्येक फोन आणि ब्राउझर ते दाखवतो. एच.२६५ (त्यानंतरची पद्धत) नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उलट ब्राउझरमध्ये एच.२६४ जास्त बिनबोभाट चालतं.

कॅमेऱ्याचं पान उघडलं की प्लगइन टाका म्हणतो, टाकलं तरी काळा चौकोन. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्या काळात कॅमेरा कंपन्या लाइव्ह चित्रासाठी ॲक्टिव्हएक्स नावाचं प्लगइन वापरायच्या, ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचं, आणि मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त केला. क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन २०१५ मध्ये काढले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. काही कॅमेऱ्यांचं पान फ्लॅशवर होतं, ते २०२० च्या शेवटी संपलं. म्हणजे तुम्ही कितीही वेळा प्लगइन टाकलं तरी ते घ्यायला समोर कोणी नाहीये.

उपाय आहे, एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधला आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या भागात इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्यायची आणि तिथेच कॅमेऱ्याचा पत्ता यादीत टाकायचा. ती नोंद ३० दिवसांनी आपोआप उडते, त्यामुळे महिन्याभराने परत बंद पडलं तर घाबरू नका, परत टाका. मायक्रोसॉफ्टने हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं सांगितलंय.

पण खरं सांगू का, रोज बघायला हा मोड वापरूच नका. एकदाच आत जायचं, आरटीएसपी (चित्राचा प्रवाह द्यायची पद्धत) आणि ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची समान भाषा) चालू करायचं, चित्र एच.२६४ वर ठेवायचं, पासवर्ड बदलायचा, यूपीएनपी (उपकरणाला राउटरमधून स्वतःच वाट उघडू देणारी सोय) बंद करायचं, घड्याळ लावायचं आणि बाहेर यायचं. त्यानंतर त्या पानाची गरज पडत नाही. माझ्या एका मित्राने फक्त कॅमेरा बघण्यासाठी विंडोज ७ चा लॅपटॉप जपून ठेवलाय, त्याला जानेवारी २०२० पासून अपडेट नाहीत, आणि तो तसाच इंटरनेटला जोडलेला आहे. सांगून झालं, ऐकत नाही.

पान नको तर मग चित्र बघायचं कुठे?

कॅमेऱ्याला फक्त डोळा समजा. रेकॉर्डिंग, अलर्ट, मोबाईलवर दाखवणं, माणूस आला की गाडी आली हे ओळखणं, ही सगळी कामं त्याच्याकडून काढून घ्या आणि घरातल्या एखाद्या नवीन मशीनला द्या (पुढे रेकॉर्डर म्हणतोय ते हेच). कॅमेऱ्याने फक्त चित्र पुरवायचं. एवढं केलं की जुनेपणाचा त्रास बराचसा कमी होतो.

चित्र येतं ते आरटीएसपीवरून, पोर्ट बहुतेक वेळा ५५४. आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ओपन नेटवर्क स्ट्रीम करून बघा. पत्त्याचा शेवटचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो शोधायला विंडोजवर ऑनव्हिफ डिव्हाइस मॅनेजर नावाचं फुकट टूल आहे, त्यात लाइव्ह व्हिडिओ उघडला की खाली पूर्ण पत्ता लिहून येतो, तोच उचलायचा.

इथे दोन गोष्टींवर लोक तासन् तास घालवतात, मीही घालवलेत. पहिली, पासवर्डमध्ये @ असेल तर पत्ता तिथेच तुटतो, कारण पत्त्यामध्ये @ चा अर्थ 'पासवर्ड संपला, आता कॅमेऱ्याचं नाव' असा असतो. त्या जागी %४० लिहायचं (आकडे अर्थात इंग्रजी), नाहीतर सरळ पासवर्डच असा ठेवायचा ज्यात नुसती अक्षरं आणि आकडे असतील पण लांब असेल. दुसरी, चित्र येतं पण खालचा अर्धा भाग करड्या-हिरव्या रंगात ओघळल्यासारखा दिसतो. कॅमेरा खराब नाही झालेला, यूडीपीवर (पोचलं का ते न बघता पाठवत राहणारी पद्धत) पॅकेट हरवतायत, टीसीपी (हरवलेलं परत पाठवणारी) सक्तीचं केलं की चित्र स्वच्छ होतं, व्हीएलसीमध्ये त्यासाठी पर्याय आहे.

ब्राउझर थेट आरटीएसपी दाखवत नाही, तेव्हा मध्ये काहीतरी लागतं. मी गो-टू-आरटीसी नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर सुद्धा चालतं. ते कॅमेऱ्याकडून चित्र एकदाच घेतं आणि मग ब्राउझरला, मोबाईलला, टीव्हीला, रेकॉर्डरला सगळ्यांना वाटतं. जुन्या कॅमेऱ्याला याचा मोठा फायदा, कारण त्यांचा प्रोसेसर इतका अशक्त असतो की तीन-चार जणांनी एकदम बघायला घेतलं की तो गटांगळ्या खायला लागतो.

ऑनव्हिफ आहे असं खोक्यावर लिहिलंय, पासवर्डही बरोबर आहे, तरी 'चुकीचा पासवर्ड' म्हणतो?

घड्याळ बघा. गंमत नाही करत. ऑनव्हिफमध्ये पासवर्ड तसाच पाठवत नाहीत, त्यात वेळ मिसळून एक गुंता करून पाठवतात आणि कॅमेरा तो आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. जुन्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी गेलेली असते, लाइट जाऊन आली की तो १९७० किंवा २००० च्या १ जानेवारीला जाऊन बसतो, आणि मग तुम्ही आजच्या तारखेचा पासवर्ड पाठवला की त्याला वाटतं हा भलताच कोणीतरी. माझा पहिल्यांदा या प्रकारात अख्खा रविवार गेला, तीनदा फॅक्टरी रिसेट मारला, आणि दर रिसेटला घड्याळ परत मागे जात होतं म्हणजे मीच आणखी बिघडवत होतो.

एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ लावून घेणं) चालू करा आणि सर्व्हर म्हणून राउटरचा पत्ता द्या, राउटरमध्ये ती सोय असेल तर. इंटरनेटवरचा सर्व्हर देऊ नका, कारण खाली मी तुम्हाला कॅमेऱ्याचं इंटरनेट बंद करायला सांगणार आहे.

कॅमेऱ्याचा आयपी पत्ताच माहीत नाही.

राउटरच्या यादीत बघा. तिथे नसेल तर तो जुन्या नेटवर्कचा ठरलेला पत्ता धरून बसलाय. रिसेट केल्यावर हिकव्हिजन बहुतेक १९२.१६८.१.६४ वर येतो, दाहुआ १९२.१६८.१.१०८ वर, जुने ॲक्सिस १९२.१६८.०.९० वर. लॅपटॉपला त्याच मालिकेतला हाताने पत्ता द्या, कॅमेरा थेट वायरने जोडा, आत जा आणि पत्ता बदला.

नवीन राउटर आणला आणि वायफायवाला कॅमेरा गायबच झाला.

जुन्या कॅमेऱ्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवीन सुरक्षा) त्याने ऐकलेलंही नसतं. नवीन राउटर दोन्ही बँडचं एकच नाव ठेवतो आणि शहाणपणा करून उपकरणांना इकडून तिकडे ढकलत बसतो, त्यात बिचारा हा अडकतो. २.४ साठी वेगळं नाव ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस, चॅनल १, ६ किंवा ११, आणि मॅनेजमेंट फ्रेम सुरक्षा 'सक्तीची' असेल तर 'ऐच्छिक' करा. नावात आणि पासवर्डमध्ये स्पेस किंवा चित्रविचित्र चिन्हं नकोत.

कॅमेरा फक्त डब्ल्यूईपी (वायफायची फार जुनी, सहज मोडणारी सुरक्षा) जाणत असेल तर वायफाय विसरा, त्याच्यासाठी अख्ख्या घराचं कुलूप काढून ठेवायला लागेल. वायर टाका.

आणि हो, बरेच जण हुशारीने कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर टाकतात, कल्पना चांगली आहे पण गेस्टमधली उपकरणं घरातल्या बाकीच्यांना दिसत नाहीत, मग रेकॉर्डरलाही तो दिसत नाही आणि परत 'कॅमेरा बंद पडला' म्हणून ओरड.

पीओई (नेटवर्कच्या वायरमधूनच वीज देणाऱ्या) स्विचला लावला तर जळेल का?

नियमाप्रमाणे बनवलेला ८०२.३एएफ स्विच आधी समोरच्याला विचारतो आणि मगच वीज सोडतो (पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत), त्यामुळे बिनपीओईचा कॅमेरा त्याला लावला तर काही होत नाही, नुसती डेटाची वायर म्हणून चालतो. भीती आहे ती पॅसिव्ह इंजेक्टरची. तो काही विचारत नाही, २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ ढकलतो. जुन्या कॅमेऱ्यासोबत आलेला इंजेक्टर दुसऱ्या कशाला लावायच्या आधी त्यावरचं लेबल वाचा.

ऑफिसमधून मोबाईलवर बघायचंय. पोर्ट फॉरवर्ड (राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडणं) कसं करायचं?

करायचं नाही. बाकी सगळ्यात इकडे तिकडे चालेल, यात नाही.

२०१६ मध्ये मिराय नावाचा प्रकार झाला, त्यात कोणी फार डोकं चालवलं नव्हतं, इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचे, टेलनेटवरून (दुरून उपकरणात शिरायची जुनी पद्धत) कंपनीचे साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड एकेक करून मारून बघायचे, लागला की तो आपला. असे लाखभर कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा झाले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी डाइन या, साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर एवढा कचरा फेकला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. मालकांना पत्ताही नव्हता, त्यांना त्यांच्या कॅमेऱ्यात चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

आणि 'माझा पासवर्ड भारी आहे' हेही पुरत नाही. २०१७ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पासवर्ड न देताच आत शिरता येईल असं भोक सापडलं (सीव्हीई-२०१७-७९२१), कंपनीने दुरुस्त फर्मवेअर काढलं, पण ज्यांनी ते टाकलंच नाही त्यांचे कॅमेरे तसेच राहिले. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यातलं भोक सापडलंय का, सापडलं तर दुरुस्त करायला कंपनी अजून आहे का, हे प्रश्नच नकोत. तो बाहेरून दिसताच कामा नये.

मग बघायचं कसं? व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता. राउटरमध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन असेल तर तेच चालू करा. इंटरनेटवाल्याने तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) दिलेला नसेल (आजकाल बहुतेक नसतोच) तर टेलस्केल हे व्हीपीएन ॲप टाका, दहा मिनिटांचं काम आहे, मोबाईल बाहेर असूनही घरात असल्यासारखा वागतो. मग राउटरवर यूपीएनपी बंद करा, कारण ते चालू असेल तर कॅमेरा तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो, आणि शेवटी राउटरच्या ॲक्सेस कंट्रोलमध्ये त्या कॅमेऱ्याचं इंटरनेट पूर्ण बंद करा. घरात बोलू दे, बाहेर नाही. राउटरला व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे) जमत असेल तर कॅमेरे आणि रेकॉर्डर दोघंही बाकी घरापासून वेगळ्या अशा एकाच व्हीलॅनवर, ते आणखी चांगलं.

फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करू का?

कंपनीच्या साइटवर मिळत असेल तर हो, पण कॅमेऱ्याच्या मागचं हार्डवेअर व्हर्जन अक्षर न अक्षर जुळवून. फार जुन्यावरून एकदम शेवटच्यावर उडी मारू नका, मधल्या पायऱ्या दिल्या असतील तर त्याच क्रमाने. वायफायवरून कधीच नाही. कुठल्यातरी फाइल शेअरिंग साइटवरून उतरवलेलं तर बिलकुल नाही.

ईमेल अलर्ट यायचे ते बंद झाले.

जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या युजरनेम-पासवर्डने आत येणाऱ्या ॲप्सना दार बंद केलं. आता टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि कॅमेऱ्याच्या रकान्यात १६ अक्षरं मावतात का ते आधी बघा. त्यात कॅमेऱ्याला आजचं टीएलएस (मेल गुप्त करून पाठवायची पद्धत) येत नसेल तर हे सगळं करूनही जात नाही. तसंच विंडोजच्या शेअर फोल्डरचं, जुने कॅमेरे एसएमबी१ (फोल्डर शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) मागतात आणि विंडोज १० ने २०१७ पासून ते आधीपासून बसवून देणं बंद केलंय. चालू करा असं सांगणारे व्हिडिओ आहेत, करू नका. अलर्ट रेकॉर्डरला पाठवू द्या.

या जुन्या डबड्यावर एआय चालेल का? माणूस, गाडी, कुत्रा ओळखणारं?

चालेल, आणि नवीन कॅमेऱ्याइतकंच चालेल, कारण ओळखायचं काम कॅमेरा करतच नाही. फ्रिगेट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, घरातल्या एखाद्या मिनी पीसीवर टाका. ते सेकंदाला ५ फ्रेम एवढ्यावर ओळखायचं काम करतं आणि आतलं मॉडेल बऱ्याचदा ३२० बाय ३२० च्या चित्रावर चालतं. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचं ६४० बाय ४८० चित्र पण त्याला पुरतं. कॅमेऱ्यातलं मोशन डिटेक्शन मात्र बंद करा, ते नुसतं पिक्सेल बदलला की बोंब मारतं, ढग गेला अलर्ट, फांदी हलली अलर्ट, आणि रात्री इन्फ्रारेडच्या उबेला कोळी आला की दर मिनिटाला अलर्ट. माझ्याकडे एका रात्रीत दोनशेच्या वर फोटो आले होते, सगळे एकाच कोळ्याचे.

कॅमेऱ्यात की-फ्रेमचं (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्राचं) अंतर फ्रेम रेटएवढं ठेवा, म्हणजे १० फ्रेम असतील तर १०, नाहीतर चित्र उघडायला उशीर होतो. कॅमेरा एमजेपेग किंवा एमपेग-४ वाला असेल तर मध्ये त्याचं एच.२६४ करून घ्यावं लागतं, त्याला प्रोसेसर लागतो, एक-दोन कॅमेऱ्यांना ठीक, सहा-सात असतील तर पंखा ऐकू यायला लागेल.

पण चेहरा ओळखू येईल का?

इथे मात्र जुनेपणा आडवा येतो. कॅमेऱ्यांच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत (आयईसी ६२६७६-४) हिशेब दिला होता, अनोळखी माणूस नक्की कोण ते पटवायला मीटरमागे २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, कोणीतरी आहे एवढंच कळायला २५. आता ६४० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा घ्या. ६४० भागिले २५० म्हणजे अडीच मीटर. चित्रात दिसणारी रुंदी अडीच मीटरपेक्षा जास्त असेल तर अनोळखी चेहऱ्याचं विसरा. त्यामुळे जुना कॅमेरा मोठ्या आवारावर लावू नका, दारासमोर, जिन्याच्या वळणावर, अरुंद बोळात लावा, तिथे तो अजून कामाचा आहे. सॉफ्टवेअरने चित्र मोठं करून चेहरा स्वच्छ होतो म्हणतात, होतो स्वच्छ, पण तो त्या माणसाचाच असेल असं नाही.

रेकॉर्डिंगला जागा किती?

२ एमबीपीएसचा एच.२६४ प्रवाह दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. एमजेपेग जास्त खातं, एक फोटो ४० केबी आणि सेकंदाला १० धरले तर दिवसाला ३४-३५ जीबी, आणि तेही छोट्या चित्राचे. मेमरी कार्ड टाकणार असाल तर बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना ३२ जीबीच्या वरचं कार्ड दिसतच नाही.

दिवसा ठणठणीत, रात्री दर मिनिटाला बंद-चालू. कॅमेरा गेला का?

बहुतेक नाही, अडॅप्टर गेलाय. माझ्या मागच्या दारावरचा असंच करायचा. अंधार पडला की टक् असा आवाज, लाल ठिपके लागायचे, लगेच सगळं गप्प, अर्ध्या मिनिटाने परत टक्. मी फर्मवेअर बदललं, वायर बदलली, एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. शेवटी मल्टीमीटर लावून अंधारात उभा राहिलो तेव्हा दिसलं, १२ व्होल्टचा अडॅप्टर दिवसा १२ देत होता आणि इन्फ्रारेडचे दिवे लागले की साडेनऊवर येत होता. व्होल्टेज पडलं की कॅमेरा रीबूट, उठताना दिवे बंद म्हणून व्होल्टेज परत ठीक, मग त्याला अंधार दिसला की परत दिवे, परत रीबूट. वर्षानुवर्षं गरम राहून अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकतो. नवीन अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची आतली बाजू प्लस आहे का ते बघून.

तो टक् आवाज म्हणजे आतली फिल्टरची काच सरकते. ती अडकली की दिवसा सगळं गुलाबी-जांभळं दिसतं. हळूच टिचकी मारा, कधी कधी सुटते.

कंपनीने ॲपच बंद केलं, आता?

ज्या कॅमेऱ्याला आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ आहे त्याला फरक पडत नाही, वरचं सगळं लागू. जो फक्त कंपनीच्या क्लाउडवर जगतो त्याचं मात्र अवघड. ड्रॉपकॅम नावाच्या कॅमेऱ्यांचं तेच झालं, गुगलने ८ एप्रिल २०२४ ला आधार काढून घेतला आणि चालू कॅमेरे एका दिवसात निकामी झाले. तेव्हा जुना कॅमेरा विकत घेत असाल तर आधी आरटीएसपी आहे का विचारा, मेगापिक्सेल नंतर.

कधी टाकून द्यायचा? आणि टाकताना काय बघायचं?

पासवर्ड बदलताच येत नसेल, किंवा इंटरनेट बंद केल्यावर चित्रच देत नसेल, तर काढा. घड्याळ दर दोन दिवसांनी हरवत असेल आणि त्या चित्राचा कधी पुरावा म्हणून उपयोग व्हावा असं वाटत असेल तरी काढा. रंग फिके पडले, काचेवर धुकं आलं, एवढ्यासाठी नका काढू, काच बदलून मिळते.

देताना किंवा भंगारात टाकताना फॅक्टरी रिसेट करा, तुमचा वायफायचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड दोन्ही त्यात बसलेले असतात. आणि मेमरी कार्ड काढा. मी एकदा जुन्या बाजारातून कॅमेरा आणला, त्याचा खालचा रबर उचलला तर आत कार्ड तसंच, आणि त्यावर आधीच्या मालकाच्या घरातले पंधरा दिवस.